रस्ता कुणाचा, अर्ज कुणाकडे? बेळगाव भागातल्या वाहतूक आणि पार्किंगच्या तक्रारींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गल्लीत एका रात्री शेजारच्या आजींना खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत उचलून न्यावं लागलं. रुग्णवाहिका आली होती, पण दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांमुळे ती आत शिरेना. आजी वाचल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही नऊ घरांनी मिळून आयुष्यातला पहिला तक्रार अर्ज लिहिला आणि चुकीच्या कार्यालयात नेऊन दिला. तो तिथे कित्येक आठवडे पडून राहिला. चौकशीला गेलो तेव्हा कळलं की आम्ही मागितलेली गोष्ट त्या कार्यालयाच्या हातातच नव्हती.

तेव्हापासून आमच्या आणि आसपासच्या गल्ल्यांसाठी बरेच अर्ज लिहिले. लोक तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे.

वाहतुकीची तक्रार महापालिकेकडे करायची की पोलिसांकडे?

सगळ्यात जास्त अर्ज इथेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाडी चुकीच्या जागी उभी आहे, एकेरी रस्त्यावरून कुणी उलटं येतंय, चौकात सिग्नल तोडला जातोय, दिवसा बाजारपेठेत अवजड ट्रक शिरतोय, हे सगळं वाहतूक पोलिसांचं काम. बेळगाव शहराला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे आणि वाहतुकीसाठी उत्तर आणि दक्षिण अशी वेगळी पोलीस ठाणी आहेत. आपली गल्ली कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येते ते आधी विचारून घ्या.

रस्ता खचला आहे, फुटपाथवर दुकानाचा ओटा आला आहे, पांढरे पट्टे पुसले गेले आहेत, पार्किंगचा ठेकेदार पावती देत नाही, इमारतीने पार्किंगची जागा गिळली आहे, ही कामं महापालिकेची.

घोळ होतो तो मधल्या गोष्टींत. 'आमच्या गल्लीत नो पार्किंग करा' ही मागणी घ्या. फलक लावायचा, पट्टे मारायचे हे महापालिका करते. पण इथे गाडी लावायला मनाई आहे असा आदेश मोटार वाहन कायद्याखाली निघावा लागतो. शहरात तो पोलीस आयुक्तांकडून निघतो, शहराबाहेर जिल्हाधिकाऱ्यांकडून. आदेश नसताना नुसता फलक लावला तर त्या फलकाच्या जोरावर कुणाला दंड करता येत नाही. आणि आदेश निघूनही फलक लागला नाही, तर दंड झालेला माणूस भांडतो आणि त्याचं भांडण रास्तही असतं. म्हणून अशी मागणी दोन्ही कार्यालयांना उद्देशून एकाच अर्जात लिहायची, वर दोघांची नावं घालायची आणि दोन्हीकडे वेगवेगळी पोच घ्यायची. आम्ही पहिल्या वेळी फक्त एकाच दारात गेलो होतो.

हा रस्ता नेमका कुणाच्या ताब्यात आहे, ते कसं कळणार?

बेळगावात घरातून निघून दहा मिनिटं चाललात तर तीन मालकांचे रस्ते पायाखालून जातात. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार, शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी इथले आतले रस्ते बहुतेक महापालिकेचे. कॅम्पात पाऊल टाकलं की कॅन्टोन्मेंट बोर्ड. शहरातून बाहेर पडणारे काही मोठे रस्ते राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. कोल्हापूरहून धारवाडकडे जाणारा जुना चार नंबरचा हायवे, म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग ४८, हा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. हायवेला लागून असलेल्या सर्व्हिस रोडवरच्या अडचणींसाठी प्राधिकरणाचा १०३३ हा क्रमांक आहे, तो चोवीस तास चालतो.

कागदोपत्री खात्री करायची असेल तर महापालिकेच्या अभियंता विभागात जाऊन आपल्या प्रभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला विचारा. शहरात ५८ प्रभाग आहेत आणि हा रस्ता आमच्या यादीत आहे की नाही ते त्याला ठाऊक असतं. तोंडी सांगितलं तरी त्याचं नाव आणि तारीख वहीत टिपून ठेवा.

शहराबाहेर राहत असाल तर निपाणीसारख्या ठिकाणी नगरपालिका, खानापूरला पट्टण पंचायत आणि कंग्राळी, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत ग्रामपंचायत. ग्रामपंचायतीत अर्ज पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, नावाने द्यायचा. शिवाय ग्रामसभेत विषय मांडायचा. कायद्याने ग्रामसभा सहा महिन्यांतून एकदा तरी घ्यावीच लागते. सभेच्या इतिवृत्तात विषयाची नोंद झाली की तो दाबून टाकणं अवघड जातं.

अर्ज मराठीत दिला तर घेतात का?

घ्यायलाच हवा. संविधानाचं कलम ३५० स्पष्ट आहे: गाऱ्हाणं दूर व्हावं म्हणून कुठल्याही अधिकाऱ्याकडे किंवा प्राधिकरणाकडे निवेदन देताना, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत ते देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. मराठी या राज्यात वापरात आहे याचा पुरावा द्यायची गरज बेळगावात तरी कुणाला पडू नये.

खिडकीवर 'कन्नडमध्ये आणा' असं सांगून परत पाठवलं तर वाद घालू नका. शांतपणे कलमाचा उल्लेख करा. मी अर्जाच्या तळाशी एक ओळ छापूनच ठेवतो: 'सदर निवेदन भारतीय संविधानाच्या कलम ३५० नुसार मराठीतून सादर करत आहे.' एवढं पुरतं.

पण एक गोष्ट मनापासून सांगतो. या कलमाने निवेदन देण्याचा हक्क दिला आहे, उत्तर त्याच भाषेत मिळेल असं त्यात म्हटलेलं नाही. आणि ज्या टेबलावर अर्ज जाणार आहे तिथल्या कारकुनाला मराठी वाचता आलं नाही तर तो अर्ज फाइलच्या तळाशी जातो. म्हणून मराठी अर्जाला चार ओळींचा कन्नड गोषवारा जोडा. गल्लीत कन्नड लिहिणारं कुणी ना कुणी असतंच, आमच्याकडे शेजारच्या नववीतल्या मुलीने लिहून दिला. हक्कही राहतो आणि कामही होतं. गाड्यांची अडचण कन्नड घरांनाही तेवढीच आहे. त्यांच्याही सह्या घ्या.

माहिती अधिकाराच्या अर्जाला मात्र हा नियम लागू होत नाही. त्या कायद्याने इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढ्याच भाषा धरल्या आहेत. म्हणजे इथे कन्नड, इंग्रजी किंवा हिंदी. मराठीत दिलेला माहिती अर्ज त्या कारणावरून परत आलेले लोक मी पाहिले आहेत.

अर्जात काय लिहावं?

थोडं, नेमकं आणि मोजता येईल असं. 'आमच्या भागात वाहतुकीचा बोजवारा उडाला आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी' या वाक्यावर कुणीही कारवाई करू शकत नाही. कुठल्या दुकानापासून कुठल्या दुकानापर्यंत, कुठल्या वारी, किती ते किती वाजता आणि तुम्हाला नेमकं काय हवं आहे, ते लिहा. रस्त्याची रुंदी टेपने मोजा. गाड्या लागल्यावर किती फूट उरतात तेही मोजा. आमच्या दुसऱ्या अर्जात फक्त एवढीच भर होती आणि त्यावर अधिकारी जागेवर पाहायला आले.

नमुना असा:

'मा. आयुक्त, महानगरपालिका, बेळगाव, आणि मा. पोलीस आयुक्त, बेळगाव यांस. विषय: (गल्लीचं नाव) इथे एका बाजूला नो पार्किंग करण्याबाबत. महोदय, वरील गल्लीची रुंदी १८ फूट आहे. सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते रात्री आठ या वेळेत दोन्ही बाजूंना चारचाकी लावल्या जातात आणि मधे साडेसहा फूट जागा उरते. रुग्णवाहिका, अग्निशमन बंब आणि कचरा उचलणारी गाडी आत येऊ शकत नाही. सोबत तीन वेगवेगळ्या दिवसांचे फोटो आणि ३१ रहिवाशांच्या सह्या जोडल्या आहेत. विनंती अशी: १) गल्लीच्या पूर्व बाजूला नो पार्किंगचा आदेश काढावा. २) आदेशानंतर दोन्ही टोकांना फलक लावावेत. ३) केलेली कार्यवाही लेखी कळवावी.'

एका अर्जात एकच विषय. पार्किंग, गटार, पथदिवे आणि भटकी कुत्री एकत्र लिहिली तर ते कागद चार विभागांत फिरतात आणि कुठेच थांबत नाहीत.

फोटो कसे काढावेत?

तीन वेगवेगळ्या दिवशी, एकाच जागेवरून. आजूबाजूची ओळखीची खूण, एखादी पाटी किंवा देऊळ, फोटोत यायला हवी. तारीख, वेळ आणि ठिकाण उमटवणारं कॅमेरा ॲप वापरा. पोलिसांना द्यायच्या फोटोत गाडीचा नंबर दिसू द्या. पण तोच फोटो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून कुणाची बदनामी करू नका. त्यातून भांडणं होतात आणि मूळ विषय बाजूला राहतो.

पोच इतकी महत्त्वाची का?

पोच नसेल तर तुमचा अर्ज दिलाच नव्हता असं समजा. टपाल विभागात दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. टपाल हा शब्द कन्नडमध्येही तसाच चालतो, पोचेला तिथे 'स्वीकृती' म्हणतात. 'साहेबांच्या टेबलावर ठेवा' असं कुणी म्हटलं तरी आधी खिडकीवर जा. हाताने द्यायला जमत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा.

नगरसेवकाकडे जावं का? की थेट आयुक्तांकडे?

दोन्हीकडे. पण लेखी अर्ज आयुक्तांच्या नावानेच असू द्या.

सप्टेंबर २०२१ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली, पण महापौर निवडले गेले ते फेब्रुवारी २०२३ मध्ये. मधल्या काळात सभागृह चालत नव्हतं. त्याआधीही काही वर्षं लोकनियुक्त सभागृहाशिवाय गेली होती. ज्यांनी तेव्हा फक्त नगरसेवकाच्या तोंडी आश्वासनावर भिस्त ठेवली त्यांच्या हातात काही उरलं नाही. ज्यांनी आयुक्तांच्या नावाने अर्ज देऊन आवक क्रमांक घेतला होता, त्यांचा कागद कुणीही खुर्चीवर असलं तरी जिवंत राहिला.

नगरसेवकाचा खरा उपयोग निधी लागतो तिथे होतो. रस्ता रुंद करायचा, दुभाजक घालायचा, पे अँड पार्कचा ठेका बदलायचा, हे विषय स्थायी समितीत आणि सर्वसाधारण सभेत ठरतात. तिथे आपला माणूस उठून बोलला पाहिजे. त्यासाठी पोच घेतलेल्या अर्जाची प्रत त्याच्या हातात द्या.

दारासमोर रोज कुणीतरी अनोळखी माणूस गाडी लावून बाजारात जातो. काय करावं?

बाजारपेठेला चिकटून राहणाऱ्यांचं हे रोजचं दुखणं आहे. रामदेव गल्ली, किर्लोस्कर रोड, समादेवी गल्ली, नार्वेकर गल्ली या भागात शनिवारच्या बाजारादिवशी घराचं दार उघडायची पंचाईत होते.

दारासमोरचा सार्वजनिक रस्ता आपल्या मालकीचा नसतो, हे आधी मान्य करायला हवं. खुर्ची, कुंडी, दोरी लावून जागा अडवणं हेही अतिक्रमणच. तुम्ही तसं केलं असेल तर तुमची तक्रार तिथेच लंगडी पडते. पण कुणाच्या घराची किंवा आवाराची वाट अडवून गाडी लावणं, फुटपाथवर लावणं, वळणावर किंवा चौकाच्या तोंडाशी लावणं हे वाहनचालकांसाठीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांत साफ मना केलेलं आहे. त्यासाठी नो पार्किंगचा फलक असायची गरज नाही. त्यामुळे 'माझ्या दारात गाडी लावली' असं लिहू नका. 'माझ्या आवाराचं प्रवेशद्वार अडवलं आहे' असं लिहा, कारण नियमात तेच आहे.

त्या क्षणी अडचण असेल, कुणी आजारी असेल, तर अर्ज वगैरे राहू द्या. ११२ ला फोन करा.

महिनोन्‌महिने एकाच जागी धूळ खात पडलेली गाडी हलवता येते का?

येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागेत दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस सोडलेलं वाहन गणवेशातला पोलीस अधिकारी उचलून नेऊ शकतो, आणि उचलण्याचा खर्च मालकाकडून घेतला जातो. वाहतूक ठाण्याला नंबर, रंग आणि किती दिवसांपासून आहे ते लेखी कळवा. नंबरप्लेट महाराष्ट्राची किंवा गोव्याची असली तरी कायदा देशभराचा आहे. 'परराज्यातली गाडी आहे, आम्ही काय करणार' हे उत्तर मान्य करू नका.

समोरच्या कॉम्प्लेक्सने बेसमेंटमध्ये गोदाम केलंय आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या रस्त्यावर लागतात. याची तक्रार होते का?

होते, आणि माझ्या मते शहराच्या पार्किंगच्या दुखण्याचं मूळ इथेच आहे. पोलीस रोज गाड्या उचलतील, पण ज्या इमारतीने परवानगी घेताना नकाशात वीस गाड्यांची जागा दाखवली आणि नंतर तिथे दुकानं काढली, ती रोज नव्या वीस गाड्या रस्त्यावर ढकलत राहणार.

ही तक्रार पोलिसांकडे नेऊ नका. महापालिकेच्या नगररचना विभागाकडे द्या. मंजूर नकाशात तळघर पार्किंगसाठी दाखवलं होतं का आणि आज तिथे काय आहे, एवढंच विचारा. नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा. मंजूर नकाशा सोडून केलेल्या बांधकामावर कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६ च्या कलम ३२१ खाली आयुक्त नोटीस काढू शकतात, आणि नोटीस पाळली नाही तर बांधकाम पाडूही शकतात. रस्त्यावर आलेल्या पायऱ्या, ओटे आणि छपरं यांसाठी त्याच कायद्यात कलम २८८ आणि त्याची पोटकलमं आहेत. कलम क्रमांक घातलेला अर्ज वरवर चाळून बाजूला ठेवणं अधिकाऱ्याला जड जातं.

अशा अर्जावर एकट्याने सही करू नका. समोर पैसेवाला माणूस असतो. गल्लीतल्या दहा-पंधरा घरांनी मिळून सह्या करा.

भाजीवाल्या, फेरीवाले रस्ता अडवतात, त्यांना हटवा असा अर्ज देऊ का?

देण्याआधी थांबा. आसपासच्या खेड्यांतून पहाटे टोपली घेऊन आलेली बाई शहराची वाहतूक अडवत नाही, तिच्या मागे आडवी लावलेली गाडी अडवते. आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्यांना संरक्षण दिलं आहे. शहर विक्रेता समितीने जागा ठरवाव्यात आणि पर्यायी जागा दिल्याशिवाय उठवू नये, अशी त्यात व्यवस्था आहे. मागायचंच असेल तर 'या रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी जवळच जागा आखून द्यावी' असं मागा. अशा अर्जावर खुद्द विक्रेतेही सही करतात.

कॅम्पातल्या शाळा सुटताना होणाऱ्या कोंडीबद्दल महापालिकेत अर्ज दिला, काहीच झालं नाही.

होणारही नाही. कॅम्पाचा कारभार २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याने संरक्षण मंत्रालयाखालच्या बोर्डाकडे आहे. अर्ज तिथल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावाने द्या. वाहतूक नियमन मात्र शहर पोलिसांकडेच आहे, त्यामुळे एक प्रत वाहतूक ठाण्याला. शाळेच्या मुख्याध्यापकांनाही भेटा. सुटण्याच्या वेळा वर्गांप्रमाणे पंधरा मिनिटांनी मागेपुढे केल्या तर जो फरक पडतो तो दोन हवालदार उभे करूनही पडत नाही. पालकांनीही मुलाला फाटकाच्या तोंडाशीच उतरवायचा हट्ट सोडायला हवा.

रेल्वे गेटवरची रांग कुणाला सांगायची?

टिळकवाडीतलं पहिलं आणि दुसरं गेट ज्यांच्या रोजच्या वाटेत आहे त्यांना गेट पडल्यावरची घालमेल सांगायला नको. गेट किती वेळ बंद राहावं हे रेल्वे ठरवते. त्यासाठी नैऋत्य रेल्वेच्या हुबळी विभागाच्या व्यवस्थापकांकडे निवेदन द्यायचं. पण गेट उघडल्यावर दोन्ही बाजूंच्या दुचाकी समोरासमोर येऊन जी कोंडी होते, ती वाहतूक पोलिसांची आणि आपली स्वतःची आहे. रांग सोडून उजवीकडून पुढे घुसणाऱ्यांना रोखायला गेटच्या दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास मीटर दुभाजक हवा, अशी मागणी करता येते. उड्डाणपुलाची मागणी वेगळी, ती रेल्वे आणि राज्य सरकार मिळून करतात आणि तिला वर्षं लागतात. कपिलेश्वर, गोगटे सर्कल आणि तिसरं गेट इथे पूल झाले, त्यांच्यामागेही कित्येक वर्षांची निवेदनं होती.

उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे रात्री रस्त्यावरून जायची भीती वाटते. तक्रार कुठे?

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी पट्ट्यातल्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला आणि चालकाने आवाज मोठा करून गाणी लावलेली. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला ट्रॉली दिसते तेव्हा वेळ गेलेली असते. दरवर्षी या रस्त्यांवर घरातली कर्ती माणसं जातात. हंगाम सुरू झाल्यावर अर्ज देऊन उपयोग नाही. गाळप सुरू होण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, तीन ठिकाणी अर्ज द्या: प्रादेशिक परिवहन कार्यालय, जिल्हा पोलीस अधीक्षक आणि संबंधित साखर कारखाना. शहराबाहेर पोलीस आयुक्तांची हद्द संपते आणि अधीक्षकांची सुरू होते, हे लक्षात ठेवा. कारखान्याकडे एकच मागणी करा: रिफ्लेक्टर पट्टी आणि मागचा दिवा असल्याशिवाय गेटमधून ट्रॉली आत घेऊ नये. वजनकाट्यावर प्रत्येक ट्रॉली थांबतेच, त्यामुळे तपासणीला त्याहून सोपी जागा नाही.

आम्ही अगदी सीमेवर राहतो. अर्धा रस्ता कर्नाटकात, अर्धा महाराष्ट्रात. काय करायचं?

वेंगुर्ला रस्त्यावर हे नेहमी होतं. बाचीपर्यंत बेळगाव तालुका, शिनोळीपासून कोल्हापूर जिल्ह्यातला चंदगड तालुका. खड्डा किंवा अपघाताची जागा कुठल्या बाजूला आहे ते मैलाच्या दगडावरून आणि जवळच्या घरावरून ठरवा आणि त्या बाजूच्या बांधकाम खात्याला लिहा. नक्की कळत नसेल तर दोन्ही खात्यांना एकच अर्ज पाठवा आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं नाव दिसेल असा वर पत्ता लिहा. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. खड्ड्याला तोवर थांबायला लावणं बरोबर नाही.

गणेशोत्सवात आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत रस्ते बंद होतात, त्याबद्दल तक्रार करणं योग्य दिसेल का?

आपल्या शहराचा सार्वजनिक गणेशोत्सव १९०५ पासूनचा आहे आणि शिवजयंतीचे चित्ररथ रात्रभर पाहायला खेड्यापाड्यांतून माणसं येतात. ते थांबावं असं आपल्यापैकी कुणालाच वाटत नाही. पण मार्ग आधी जाहीर व्हावा, दवाखान्यांकडे जाणारी एक वाट सतत मोकळी राहावी आणि मंडपाने रस्त्याचा ठरवून दिलेला भागच व्यापावा, हे मागण्यात काहीच गैर नाही. असा अर्ज उत्सवाच्या महिनाभर आधी द्यावा आणि शक्यतो मंडळाच्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊनच द्यावा. आमच्या गल्लीच्या मंडळाने एका वर्षी रुग्णवाहिकेसाठी दोन स्वयंसेवक नेमले, मला त्याचा फार आनंद झाला.

महिना झाला, उत्तर नाही. आता?

पहिली पायरी स्मरणपत्र. जुना आवक क्रमांक आणि तारीख घालून तोच विषय पुन्हा. सोबत राज्य सरकारच्या जनस्पंदन यंत्रणेत १९०२ वर तक्रार नोंदवा, तिथे मिळणारा नोंदणी क्रमांक जपून ठेवा.

दुसरी पायरी माहिती अधिकार. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तेही नाही. विचारायचं एवढंच: 'अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात.' कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द अशी मर्यादा आहे, त्यामुळे पाल्हाळ नको. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील. आणि चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर तो पाच दिवसांत योग्य जागी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. कुठला रस्ता कुणाचा हे ठरत नसेल तेव्हा ही तरतूद फार कामी येते. प्रत्यक्षात बऱ्याचदा माहिती अर्ज पोचला की आठवडाभरात मूळ कामच हलतं.

तिसरी पायरी दंडाधिकाऱ्यांकडे जायची. सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा दूर करण्याचा आदेश जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी देऊ शकतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होतं, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. इथपर्यंत यायचं तर वकिलाचा सल्ला घ्या. उच्च न्यायालयाचं खंडपीठ धारवाडलाच आहे, बंगळूरला जावं लागत नाही.

'निधी नाही' असं लेखी उत्तर आलं.

ते उत्तर जपून ठेवा, तुमच्याच कामाचं आहे. मध्य प्रदेशातल्या रतलाम शहरातल्या रहिवाशांना गटारं आणि घाणीच्या तक्रारीवर नगरपालिकेने हेच सांगितलं होतं. ते याच कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १९८० साली न्यायालयाने सांगितलं की पैसा नाही ही सबब पुढे करून नगरपालिकेला कायद्याने ठरवून दिलेलं कर्तव्य टाळता येणार नाही. रस्ता मोकळा ठेवणं हेही तसंच कर्तव्य आहे. पुढच्या स्मरणपत्रात या निकालाचा उल्लेख करा. आणि फलक व पांढरे पट्टे यांना फार मोठा निधी लागत नाही, हेही नम्रपणे लिहा.

तक्रार केली तर शेजारी दुरावतील, अशी भीती वाटते.

ही भीती खरी आहे. मलाही वाटली होती. गल्लीत एकमेकांच्या लग्नाकार्यात वावरणारी माणसं आपण, आणि गाडी लावणारा बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो. म्हणून अर्ज लिहिण्याआधी त्याच्या घरी जाऊन बोला, चहा घ्या, अडचण सांगा. आमच्या गल्लीतल्या दोन गाड्या तेवढ्यानेच बापट गल्लीच्या पार्किंगमध्ये जायला लागल्या. अर्ज लिहावाच लागला तर तो जागेबद्दल लिहा, माणसाबद्दल नको: 'पूर्व बाजूला नो पार्किंग करा', 'अमक्याची गाडी हटवा' असं नाही. त्या यादीत सही करायला आम्ही ज्याच्या गाडीमुळे सगळं सुरू झालं त्यालाही बोलावलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग आजींबद्दल विचारलं, आणि सही करून गेला.